भैरवी एक्स्प्रेस: निपाणी ते बावडा, व्हाया कारखाना

केतन मगदूमनं रेल्वे घेतली.

आता आपल्यात माणसं काय घेत्यात? बुलेट घेत्यात, जीप घेत्यात, फारच डोक्यात गेलं तर मुऱ्हा म्हैस घेत्यात. ह्या बाबानं रेल्वे घेतली. सेकंडहँड, डिझेलवरची. एक इंजिन, दोन डबे आणि रूळ सुट्टे. निपाणीजवळ सम्राट म्हणून एकजण हाय, त्याची पोरांची बाग होती, तिच्यात ती गोल गोल फिरायची. बाग बंद पडली तशी रेल्वेबी पडून राहिली. इंजिनाला वरनं धुराडं, पुढं पितळी घंटा, लांबनं बघितलं तर एकदम कोळशाच्या काळातलं. जवळ जाऊन पत्रा उचकटला की आत विहिरीवरचं डिझेल इंजिन. सुरू करून डोळं मिटून बसलं तर वाटतंय, रानात पाणी पाजाय आलोय. सम्राटनं तिला आपल्या पोरीचं नाव दिलंतं, भैरवी एक्स्प्रेस. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडात. सीमाभागातला माणूस, दोन्हीकडनं सांभाळून असतोय.

पण केतनसमोर 'खेळण्यातली रेल्वे' म्हणायची सोय न्हाई. लगेच त्याचं नाक लाल. "भावा, रोलिंग स्टॉक म्हण. ते एक रिजनल ऑपरेटर, आपण दुसरं रिजनल ऑपरेटर. ह्याला ट्रान्सफर म्हणत्यात." हे तो सम्राटलाबी फोनवर म्हणाला. सम्राट म्हणाला, "व्हय व्हय, तेच. फक्त लवकर ट्रान्सफर करा, मागच्या डब्यात कोंबडी अंड्यावर बसलीया."

आता ह्यात केतनचं काय अडलंतं? त्याच्या घरचं कसबा बावड्यात रस्त्याकडंला दीड एकर रान हाय. तिथं पहिल्यापासनं ऊस. केतन इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी करून कंटाळला, परत आला आणि अण्णांच्या मागं लागला. अण्णा म्हणजे त्याचे वडील, श्रीपाल मगदूम. मला ह्या रानात पर्यटन केंद्र काढू द्या म्हणाला. अण्णांनी एक वर्ष दिलं. त्या वर्षात केतननं झोपाळे बांधले, सशांचा पिंजरा केला, बैलगाडी आणून ठेवली. बावड्यातली माणसं म्हणायची, बैलगाडीत बसाय तिकीट? आमच्या दारात फुकट उभी हाय. गिऱ्हाईक काय वाढलं न्हाई. ससे तेवढे वाढले. वर्ष संपाय आलं तशी त्यानं ही रेल्वे घेतली.

एक दिवस जेवताना अण्णांनी विषय काढला. बसल्या बसल्या, आमटी वाढून घेता घेता.

"येत्या रविवारी तुझी रेल्वे पळाली तर रान तुझं. न्हाई पळाली, तर सोमवारी सकाळी ट्रॅक्टर घालतो, सरी सोडतो, ऊस लावतो. आणि तू हुपरीला मामाच्या दुकानात पैंजण पॅक कराय बस."

"अण्णा, एक आठवडा वाढवून..."

"उसाची लागण तुझ्यासाठी थांबत न्हाई."

"आवो, पोरगं जेवतंय, जेवू द्या की," केतनची आई, त्रिशलाकाकू, मधी पडल्या.

"जेवू दे की. मी काय ताट ओढलंय व्हय?" अण्णा म्हणाले आणि हात धुवाय उठता उठता जाहीर करून टाकलं, "आणि मी त्या खेळण्यात पाय ठेवणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

आणि ते 'खेळण्यात' जे म्हणाले न्हवं का, ते केतनला पैंजणापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बातमी फुटली. शेजारचे तात्या, पाटबंधारे खात्यातनं रिटायर झाल्यापासनं दुसऱ्यांच्या कामातच पाणी सोडत्यात, ते कंपाउंडवरनं वाकून म्हणाले, "काय स्टेशनमास्तर, परवानगी घेतलीत का?"

"कसली परवानगी तात्या?"

"अरे, रेल्वे आहे ती! आणि परराज्यातून येणार. उद्या कुणी अर्ज टाकला म्हणजे?"

"कोण टाकंल?"

"ते मी कसं सांगू?" तात्या म्हणाले, पण ज्या पद्धतीनं म्हणाले त्यावरनं केतनला वाटलं, ह्यांनी कागद आणून ठेवलाय.

मग केतन परवानगी काढाय निघाला. परवानगी कशाची ते माहीत न्हाई, द्यायची कुणी ते माहीत न्हाई, पण काढायची. पहिल्यांदा वाहनांच्या ऑफिसात गेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, चाकं रबराची का लोखंडाची? लोखंडाची म्हटल्यावर म्हणाल्या, मग आमच्यात येत न्हाई. केतन म्हणाला, मॅडम, हेडलाइट हाय की. बाई म्हणाल्या, हेडलाइट आमच्या गोठ्यातबी हाय, म्हशीला नंबर देऊ काय? तिथनं हा रेल्वे स्टेशनवर. चौकशीच्या खिडकीतला माणूस चांगला होता, त्यानं नीट विचारलं, ब्रॉडगेज का मीटरगेज? केतन म्हणाला, दोन फूट. माणसानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि केतन अजून तिथंच हाय बघून म्हणाला, "पुढच्या गाडीची काय चौकशी असली तर सांगा." तिसऱ्या ऑफिसात विचारलं, ही करमणूक का वाहतूक? केतन म्हणाला, करमणूक. पण माणसं एका जागेवरनं दुसऱ्या जागंला जात्यात का? जात्यात की. मग वाहतूक. पण साहेब, गोल फिरून परत हितंच येत्यात. मग साहेब लई वेळ छताकडं बघत बसले आणि म्हणाले, "मग ते जातच न्हाईत की." आणि परवानगी लागत न्हाई म्हणून सांगितलं, तोंडी. लेखी मागितलं तेव्हा जेवायची सुट्टी झाली.

तर परवानगीचं असं. आता आणायची कशी?

हंगाम ऐन रंगात. हंगामात कोल्हापुरात रिकामी ट्रॉली मिळणं म्हणजे काय सांगू, एकवेळ रेल्वे मिळती, मिळालीच होती. अख्ख्या जिल्ह्यातले ट्रॅक्टर उसाला जुंपलेले. केतन आणि त्याचा दोस्त धवल, दोघं मोटारसायकलवरनं कागल, मुरगूड, कुठं कुठं फिरले. जो तो म्हणायचा, मार्चमधी या पावणं. शेवटी कागलजवळच्या वस्तीवर पिराजी भेटला. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वर हे एवढे स्पीकर, आणि स्वभावानं लई मोकळा.

"रविवारी पहाटेची खेप टाकून मोकळा हाय मी. काय माल हाय?"

"रेल्वे."

"रेल्वेचा माल?"

"न्हाई ओ. रेल्वेच."

पिराजीनं जरा विचार केला. "ताडपत्री लागंल काय?"

रविवारी सकाळी निपाणीला पोचले, तर सम्राटच्या घरात निम्मं गाव जमलेलं. सम्राटची आई रेल्वेच्या इंजिनाला हळद-कुंकू लावत होती. इंजिनावर नातीचं नाव, त्यामुळं म्हातारीनं हे लगीनच धरलंतं. पुढच्या पत्र्यावर खण, तांदूळ, नारळ. डोळं पुसत केतनला म्हणाली, "नीट सांभाळा हं तम्मा. सकाळी सकाळी जरा खोकती, पण मग सुरू झाली की थांबत न्हाई." केतनला एकदम जावई झाल्यासारखं वाटलं. खाली वाकून म्हातारीच्या पाया पडला. धवल मागं हसून हसून ट्रॉलीला टेकला.

कोंबडीचा प्रश्न तेवढा राहिला. अंडी उबवाय आणखी चार दिवस होते. सम्राट म्हणाला, डबा राहू दे, चार दिवसांनी न्या. केतन म्हणाला, आज पळवायची हाय. शेवटी कोंबडी बुट्टीत, बुट्टी सम्राटच्या पोरीकडं, आणि पोरगी कोंबडीसाठी रडाय लागली ती गाड्या हलेपर्यंत.

निघाले. पुढच्या ट्रॉलीत इंजिन, मागच्या ट्रॉलीत दोन डबे आणि शिडीसारखे जोडलेले रुळांचे तुकडे. केतन आता बसणार कुठं? इंजिनात. ट्रॉलीवरच्या इंजिनात मोटारमनच्या जागंवर बसला, तोंड मागं करून, आणि मोबाइल लावून लाइव्ह सुरू. "नमस्कार मित्रांनो, आज आपण एक ऐतिहासिक रेल्वे ट्रान्सफर बघताय..." धवल मागनं मोटारसायकलवर. टोलनाक्यावरच्या माणसानं ट्रॅक्टर बघितला, धुराडं बघितलं, केतन बघितला.

"पावणं, कुठली गाडी?"

"निपाणी बावडा."

"मधी कुठं थांबती?"

"कुठंच न्हाई. एक्स्प्रेस हाय."

अख्ख्या प्रवासातलं हेच एक वाक्य केतनचं चुकलं.

कारण पुढं काय झालं, धवलला भूक लागली आणि तो कागलला मिसळ खाय थांबला. केतनचं तोंड मागं, मोबाइलकडं. आणि पिराजी स्पीकर लावून निवांत. हायवेवर एक फाटा हाय, तिथनं डाव्या हाताला वळलं की साखर कारखाना. नाव सांगत न्हाई, उगाच संचालकांचा फोन यायचा. हंगामात पिराजी त्या फाट्याला दिवसातनं दोनदा वळतोय, आणि किती वर्षं वळतोय ते त्यालाच माहीत न्हाई. मागं ट्रॉल्या जोडलेल्या, ट्रॉल्या भरलेल्या. हात आपोआप वळला. नंतर पिराजी हातच जोडून सांगत होता, "देवाशप्पथ सांगतो केतनदादा, मी न्हाई वळलो. ट्रॅक्टरच वळला."

केतनला कळलं कधी, तर लाइव्हवर कुणीतरी लिहिलं, भावा तुझ्या मागं ऊस का दिसतोय? त्यानं मोबाइल खाली घेतला. पुढं बघितलं, उसाच्या ट्रॉल्या. मागं बघितलं, उसाच्या ट्रॉल्या. डाव्या अंगाला बैलगाड्या, उजव्या अंगाला एक मोकळा पट्टा आणि त्याच्या टोकाला मळीचा डोंगर. मळी म्हणजे साखर काढताना जो काळा चिखल उरतोय तो, शेतात खत म्हणून टाकत्यात. आणि वर ह्याचं धुराडं, खण-नारळासकट, गाळपाच्या रांगेत उभं.

"पिराजी! मागं घे!"

"दोन ट्रॉल्या मागं घ्यायच्या? ह्या गर्दीतनं? साक्षात देव आला तर त्यालाबी जमायचं न्हाई."

"मग पुढं घे!"

"पुढं नंबर हाय. आणि मिल बंद पडलीया सकाळपासनं. काय तरी तुटलंय आत."

म्हणजे पुढं न्हाई, मागं न्हाई. आणि तिकडं बावड्यात संध्याकाळी तात्यांच्या हातनं नारळ फोडायचा ठरलेला, माणसं बोलावलेली.

एवढ्यात यार्डचा सुपरवायझर आला, आकाराम नावाचा. हातात वॉकीटॉकी, तोंडात पान, आणि कारखाना आपणच बांधल्यासारखी चाल. पहिल्या ट्रॉलीपाशी थांबला. इंजिनावर थाप मारली. ठण्ण.

"कुठल्या जातीचा ऊस म्हणायचा हा?"

भोवतीचे ड्रायव्हर खो खो हसाय लागले. केतन म्हणाला, "साहेब, हा रोलिंग स्टॉक हाय."

"आमच्याकडं शहाऐंशी शून्य बत्तीस असतोय. रोलिंग स्टॉक नवीन हाय काय? उतारा कसा पडतोय?"

"साहेब, चुकून आलोय, बाहेर जाऊ द्या."

"आत आलेली ट्रॉली काट्यावरनं वजन करूनच बाहेर जाती. मिल सुरू होऊ दे, रांग हलू दे, मग जावा की. कुणाचं म्हणायचं हे?"

"श्रीपाल मगदूम. बावडा."

आकारामचं तोंडच बदललं. "आमचं श्रीपालअण्णा? त्यांचं ह्या भागातबी रान हाय की! वीस वर्षांचं सभासद! थांबा, त्यांना कळवलं पाहिजे." केतन न्हाई न्हाई म्हणेस्तोवर त्यानं फोन लावलासुद्धा. "नमस्कार अण्णा! आकाराम बोलतोय कारखान्यावरनं. तुमच्या नावावर एक रेल्वे आलीया गाळपाला."

पलीकडनं काय आलं ते कुणाला ऐकू आलं न्हाई. आकारामनं फोन कानापासनं जरा लांब धरला तेवढं दिसलं.

मग दुपार सगळी अशीच गेली. धवल मिसळ खाऊन आला, परिस्थिती बघितली आणि "नाद खुळा" एवढंच म्हणाला. तात्यांचा फोन. "केतन, मंडप घातलाय, खुर्च्या मांडल्यात, मी नारळ घेऊन उभा आहे. गाडी कुठपर्यंत आली?"

"सिग्नल लागलाय तात्या."

"किती वेळ?"

"पुढचा मार्ग मोकळा झाला की."

"अरे वा, अगदी खऱ्या रेल्वेसारखंच की," तात्या म्हणाले. केतननं फोन ठेवला आणि इंजिनाच्या पायरीवर बसला. डोळ्यांसमोर हुपरीचं दुकान. मामा म्हणतोय, जरा घुंगरू मोजून भर रे इंजिनिअर.

अण्णा आले, तेव्हा उन्हं कलली होती. स्कूटरवरनं, पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि हँडलला डबा अडकवलेला. त्यांनी आधी केतनकडं बघितलं न्हाई. रेल्वेभोवती एक फेरी मारली, खणाकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, मग म्हणाले, "लगीन कुणाचं हाय?"

"अण्णा, पिराजीचं चुकलं..."

"पिराजीचं चुकलं न्हाई. ट्रॉलीत उसाशिवाय दुसरं काय घालायचं नसतंय एवढं त्या ट्रॅक्टरला कळतंय. तुला कळत न्हाई." एवढं बोलून त्यांनी मावळतीकडं बघितलं.

आता ही अण्णांची अडचण होती. सूर्य बुडाला की अण्णा पाण्याचा घोटसुद्धा घेत न्हाईत, मगदुमांच्या जैन घरात सगळ्यांचंच तसं, म्हणून काकूंनी डबा बांधून दिलाता. पण बसून खायचं कुठं? खाली चिखल, पाचट, शेण. स्कूटरवर बसून जेवणं अण्णांच्या मानाला शोभत न्हाई. उपाहारगृह मिल बंद म्हणून बंद. ड्रायव्हर लोकं ट्रॉलीच्या सावलीत वडापाव खात होती, तिथं कांदा-बटाट्याच्या वासात अण्णा बसणार न्हाईत. अण्णांनी चारीकडं बघितलं. सगळ्या यार्डात स्वच्छ, छप्पर असलेलं, बसाय बाकडं असलेलं एकच ठिकाण होतं.

"तो डबा खाली घ्या," अण्णा म्हणाले.

"कुठला डबा?"

"रेल्वेचा, खुळ्या! सूर्य बुडाय लागलाय माझा."

धवल, पिराजी आणि आठ-दहा ड्रायव्हरांनी एक डबा उचलून मोकळ्या पट्ट्यावर ठेवला. अण्णांनी पायातल्या चपला काढल्या, धोतर सावरलं, आणि ज्या खेळण्यात पाय ठेवणार न्हवते त्यात ठेवला. बाक छोटं, गुडघं हनुवटीपाशी. तशातच भाकरी मोडली. दोन घास गेले असतील, तोवर ऊसतोड टोळीची मुकादमीण बनाबाई चार बायका घेऊन पुढं आली. बीडकडची, आवाज असा की मिलचा भोंगा कमी.

"मालक, ह्यात बसता येतं व्हय?"

अण्णांच्या तोंडात घास. मानेनंच व्हय म्हणाले. बनाबाई समोरच्या बाकावर बसली, तिच्यामागं बायका, बायकांमागं पोरं. डबा भरला. अण्णा मधी भाकरी खातायत, आणि सगळी त्यांच्याकडं बघून गाडी सुटायची वाट बघतायत.

"सुटंना की वो," बनाबाई म्हणाली.

अण्णांना ठसका लागला. पाणी प्यालं, तोंड पुसलं आणि पहिल्यांदा केतनकडं नीट बघितलं. "काय रं, ही पळती तरी काय?"

आता एवढंच पाहिजे होतं केतनला. "अण्णा, तुम्ही म्हणालासा, रविवारी पळाली पाहिजे. कुठं पळाली पाहिजे ते म्हणाला न्हाईसा."

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. "हितं?"

"रूळ संगट हाईत. मोकळा पट्टा हाय. माणसं रिकामी हाईत."

"आणि चालवाय परवानगी?"

"कुठंच लागत न्हाई. तीन ऑफिसं फिरून आलोय."

आणि मग मंडळी, कोल्हापूरची रिकामी माणसं काय करत्यात ते बघायचं असतं तर तिथं बघायचं. सकाळपासनं मिल बंद, करमणूक काय न्हाई, हे सगळे ड्रायव्हर, तोडकरी, गाडीवान, असे तुटून पडले की बस. एकजण रुळाचे तुकडे मांडतोय, एकजण पान्यानं बोल्ट आवळतोय, तिसरा नुसता "डावीकडं घ्या, डावीकडं" म्हणून ओरडतोय, त्याचं कुणी ऐकत न्हाई. इंजिन तर हातावर उचललं, पालखीगत. मोकळ्या पट्ट्यावर सरळ रूळ पडला, गोल कराय जागा न्हवती, सरळच्या सरळ, काट्यापासनं मळीच्या डोंगरापर्यंत. वर इंजिन, आणि त्याच्या मागं बायका-पोरांनी भरलेला डबा जोडला.

आकारामच्या अंगात आता संचालक शिरला. "असं कसं सुरू करतासा? कारखान्याच्या आवारात यंत्र सुरू करायचं तर मोळी पाहिजे!" हंगाम सुरू होताना पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलमधी ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकायची, तिची पूजा करायची, हा कारखान्यातला मोठा मान. दरवर्षी संचालक टाकणार, पुढारी टाकणार, फोटो पेपरात येणार. उसाची चार कांडी बांधून आणली, इंजिनावर ठेवली. आकाराम म्हणाला, "मान सभासदाचा. या अण्णा."

अण्णांचं काय झालं ते केतनला तिथंच दिसलं. वीस वर्षं ऊस घातला त्या माणसानं. दरवर्षी मोळीच्या कार्यक्रमाला कोट घालून जाणार, मागच्या खुर्चीत बसणार, पेढा घेऊन घरी येणार आणि रात्रभर काकूंना सांगणार, "एकदा तरी बोलवायचं की ह्यांनी." अण्णांनी टोपी नीट केली. मोळीला हात लावला. नारळ फोडला, तो सम्राटच्या आईनं दिलेला. आणि मग कुणाला न विचारता इंजिनात चढून मोटारमनच्या जागंवर बसले.

"अण्णा, मी चालवतो," केतन म्हणाला.

"मान माझा हाय. तू मागं बस."

इंजिन खोकलं. परत खोकलं. मग ठक ठक ठक सुरू झालं आणि धुराड्यातनं काळा धूर निघाला तसं सगळं यार्ड ओरडलं. बनाबाईनं पुढं येऊन घंटा वाजवली, कुणी सांगितलं न्हवतं. अण्णांनी दांडा ओढला. भैरवी एक्स्प्रेस हलली. चालणारा माणूस तिच्या बरोबर चालंल एवढा स्पीड, आणि खरंच सगळे बरोबर चालत होते, मोबाइल वर धरून. अण्णांनी एक हात काढला आणि दोन्हीकडं हलवला. आयुष्यात केतननं अण्णांना असं हसताना बघितलं न्हवतं. त्याला वाटलं, झालं, रान वाचलं.

रूळ संपत आला. मळीचा डोंगर जवळ आला.

"अण्णा, थांबवा!"

"थांबवतोय की!" अण्णांनी दांडा परत ढकलला. इंजिनाचा आवाज बारीक झाला, पण गाडी चाललीच. अण्णांनी दुसरा दांडा ओढला. तो हातात आला.

केतननं डब्यातनं उडी मारून धावत धावत सम्राटला फोन लावला. "सम्राट! ब्रेक कुठला?"

"ब्रेक?" सम्राट म्हणाला. "आमच्यात ब्रेक लागतच न्हवता ओ. स्टेशनजवळ चढ हाय, आपोआप थांबायची."

यार्डात चढ एकच होता, आणि तो मळीचा होता.

बायकांनी पोरं घेऊन पटापट उड्या मारल्या, स्पीडच तेवढा कमी होता. पण अण्णा उतरले न्हाईत. मानाच्या जागंवरनं उडी मारायची म्हणजे काय? ताठ बसून राहिले. इंजिन हळूच, अगदी लाडानं, मळीत शिरलं. धुराड्यापर्यंत. फच्चक असा आवाज झाला, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

बरोबर चालणारी माणसं जागच्या जागी थांबली. पिराजीचा स्पीकरसुद्धा बंद.

अण्णा उठले. धोतर गुडघ्यापर्यंत काळं. टोपीवर मळीचा एक थेंब. केतनला वाटलं, आता हितंच सरी सोडत्यात. अण्णांनी एकदा रेल्वेकडं बघितलं, एकदा वर धरलेल्या मोबाइलांकडं बघितलं, प्रत्येकात अण्णाच होते. मोटारमनच्या जागंवर दुसरं कुणीच न्हवतं. आता कुणाला बोलणार?

अण्णांनी घसा साफ केला. "काय रं आकाराम, पळाली का न्हाई?"

"पळाली की अण्णा!"

"रविवारी पळाली का न्हाई?"

"पळाली!" सगळं यार्ड म्हणालं.

तेवढ्यात मिलचा भोंगा वाजला. दुरुस्ती झाली, गाळप सुरू. आणि बघता बघता सगळे आपापल्या ट्रॅक्टरकडं पळाले, रांग हलाय लागली, पिराजीला मागनं हॉर्न माराय लागले म्हणून तोबी ट्रॉल्या आणि राहिलेला एक डबा घेऊन पुढं गेला, धवल त्याला अडवाय मागनं पळाला. मळीपाशी राहिले दोघं, बाप आणि लेक, आणि मधी भैरवी एक्स्प्रेस.

अण्णांनी धोतराचा काचा मारला. "बघत काय उभारलाईस? लाव हात."

दोघांनी इंजिनाला खांदा लावला. इंजिन हललं न्हाई. परत लावला. मळीतनं इंचभर सुटलं.

"अण्णा," केतन धापा टाकत म्हणाला, "मग सोमवारचा ट्रॅक्टर..."

"कसला ट्रॅक्टर? गप ढकल."

"सरी सोडायचा."

अण्णांनी खांदा काढला न्हाई. "अख्ख्या कारखान्यानं बघितलंय मला. उद्या रान नांगरलं तर माणसं म्हणतील, म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी घालवली म्हणून बंद केली." जरा दम घेतला. "ढकल."

मागनं बनाबाई आली, कडेवर पोरगं. टोळीचा ट्रॅक्टर सुटाय लागलाता, तरी थांबून तिनं विचारलं, "मालक, उद्या कितीला सुटती हो गाडी?"

अण्णा सरळ उभारले. मळीच्या हातानं टोपी नीट केली, ती आणखी काळी झाली.

"उद्या न्हाई," अण्णा म्हणाले. "उद्या ब्रेकचं काम हाय. परवा या. बावड्याला."